बैलाचे दात, शॉकअपचं तेल

राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात बैल घेणारा माणूस बघा. आधी जबडा उघडतो, दात मोजतो. खूर तपासतो. वशिंडावरून, पाठीवरून हात फिरवतो. मग चार पावलं चालवतो, वळवतो, पुन्हा चालवतो. सोबत गावातला एक जाणता आणलेला असतो, तो आणखी वेगळं काही बघतो. एवढं झाल्यावर कुठं भावाची गोष्ट निघते.

तोच माणूस जीपला शॉकअप घ्यायला दुकानात जातो. खोकं काउंटरवर येतं, पैसे गल्ल्यात जातात, खोकं पिशवीत जातं. पाच मिनिटांत खेळ खलास.

खोकं उघडूनसुद्धा बघत नाही.

दीड-दोन महिन्यांत शॉकअप तेल गाळू लागतो. आंबितच्या वाटेवर जीप होडीसारखी डुलते, मागच्या बाकावरच्यांची डोकी टपाला लागतात. आणि गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच निकाल लागतो: रस्ताच तसला, शॉकअप तरी काय करणार?

या निकालावर मला अपील करायचंय.

रस्ते वाईट आहेत, त्यावर वाद नाही. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथल्या पावसात डांबर किती टिकतं, ते शेंडीहून रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी फेरी मारणाऱ्या कुणालाही विचारा. पाचनई, कुमशेत, शिरपुंजे या अंगालाही तीच कथा. पण शॉकअप असतो तो वाईट रस्त्यासाठीच ना? गुळगुळीत रस्त्यावर त्याला काम किती?

गळकी छत्री परत करायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, "पावसात उघडलीत ना, मग गळणारच!" तर ऐकून घ्याल?

शॉकअपच्या बाबतीत ऐकून घेतो. वर्षानुवर्षं. मान डोलावून.

खड्डा हा फार सोयीचा आरोपी आहे. तो उलट बोलत नाही, पुरावा मागत नाही, वकील लावत नाही. ठेकेदाराचं पाप त्याच्या माथी आहेच. त्यावर खोटा माल विकणाऱ्याचं पापही आपण आपल्या हातानं आणून टाकतो.

एका खड्ड्यात दोन चोर लपतात.

आता थोडं मुळापासून. गाडीचं वजन पेलतात ते पाटे किंवा स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. चाक दगडावर चढलं की पाटा दबतो, मग उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी जिरवणं, एवढंच शॉकअपचं काम. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक वाटा आणि झडपा. दट्ट्या सरकला की तेलाला त्या अरुंद वाटेनं घुसावं लागतं. त्या झटापटीत उसळीची ताकद उष्णता होऊन जाते.

म्हणून खडकाळ वाटेवरून आलेला धडधाकट शॉकअप हाताला गरम लागतो. एकाच धुऱ्यावरचे दोन शॉकअप जपून चाचपा. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेल्यानं वाटभर कामच केलेलं नाही.

तुमची पाठ मात्र गरम झालेली असते.

शॉकअप म्हणजे चैन, गादीसारखी आरामाची वस्तू, असा एक समज आहे. तो आधी डोक्यातून काढा. शॉकअप मेला की चाक जमिनीवरून उडत राहतं. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि उडालेलं चाक वळतही नाही. टायर जागोजागी खाल्ला जातो, बुश जातात, बोल्ट सैल होतात. घाटातल्या ओल्या वळणावर चाकाचा जमिनीशी संबंध तुटला, तर पुढं काय, हे मी लिहायला हवं का?

आराम हा शॉकअपचा जोडधंदा आहे. त्याची खरी नोकरी ब्रेकच्या बाजूला उभं राहण्याची.

शहरात 'ऑफ-रोड' हा शनिवार-रविवारचा छंद असतो. आमच्या तालुक्यात तो पत्ता असतो. वाडीवरून दवाखान्यात निघालेली पोटुशी बाई, कॉलेजला निघालेली मुलगी, बाजाराला निघालेली भाताची पोती, सगळं त्याच जीपमधून येतं. खराब शॉकअपचा खरा ग्राहक मागच्या बाकावर बसलेला असतो, आणि दुकानात त्याला कुणीच विचारलेलं नसतं.

त्यानं भाडंही पूर्ण दिलेलं असतं.

आता गाड्या बघा. जुनी कमांडर, जुनी मेजर, आणि १९८५ पासून डोंगर चढणारी जिप्सी. चारही चाकांना पाटे असलेली जिप्सी कारखान्यातून यायची बंद झाली, पण डोंगरातून गेली नाही. अशा गाड्यांना कंपनीचा अस्सल भाग शोधत बसावा लागतो. शोधायला वेळ कुणाला? म्हणून समोर येईल ते बसवायचं. त्यात २०२० ची नवी थार आणि २०२३ ची जिम्नी आली. त्यांच्या मालकाला कंपनीचा शॉकअप 'साधा' वाटतो, म्हणून तो चांगला काढून रंगीत बसवायचा.

एकाला मिळत नाही म्हणून, दुसऱ्याला पुरत नाही म्हणून. दुकान एकच.

बाहेरचा माल म्हणजे वाईट माल, असं मी म्हणत नाही. शॉकअप बनवण्यात महाराष्ट्र मागं नाही. गॅब्रिएल इंडियासारखी कंपनी १९६१ पासून या धंद्यात आहे आणि तिचे कारखाने नाशिकला आणि चाकणला आहेत. म्हणजे अस्सल माल बनतो आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत. मग आपल्या काउंटरवर नाव नसलेला, गाव नसलेला, नंबर नसलेला माल येतो कुठून?

हा प्रश्न दुकानदाराला एकदा मोठ्यानं विचारून बघा. चार गिऱ्हाईकं उभी असताना.

खोटा माल एका जातीचा नसतो. एक, सरळ बनावट: दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं खोकं, आत भलतंच. दोन, बिननावाचा स्वस्त: तेल पातळ, सील कच्चं, दांड्यावरचा मुलामा नावापुरता. तीन, जुना शॉकअप धुऊन, रंगवून नवा केलेला. चार, अस्सल पण भलत्याच गाडीचा. लांबी चुकलेली, पण 'बसतोय ना' म्हणून बसवलेला.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. कारण खोकं खरं असतं, नाव खरं असतं आणि तरीही माल खोटा ठरतो.

लांबीचं गणित साधं आहे. शॉकअप गरजेपेक्षा लांब असला तर चाक वर येताना तो आतल्या आत आपटतो आणि फुटतो. आखूड असला तर चाक खाली लटकताना तोच ताणला जातो, सगळा ओढा त्याच्यावर येतो आणि बोल्टसाठीचा डोळा उखडतो. जुना शॉकअप काढला की त्याची मिटलेली आणि उघडलेली, अशा दोन्ही लांब्या टेपनं मोजायच्या. दोन आकडे. दोन मिनिटं.

पायजमा शिवताना जेवढी मापं देतो, त्याच्या निम्मी.

मग येते जाहिरात. खोक्यावर डोंगराचं चित्र, चिखलात उडालेली जीप, 'हेवी ड्यूटी', 'ऑफ-रोड', 'गॅस'. शॉकअप पिवळाधमक किंवा लालभडक, वर रबरी बूट. रंगानं डोळा भरतो. बूट मात्र वर करून बघावा, कारण गळकं सील त्याच्याच खाली लपतं.

आणि तक्रार घेऊन गेलात की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो: "चिखलात घातली होती का?"

खोक्यावर चिखल तुम्हीच छापला होता ना?

दुसरं उत्तर: "बसवताना चूक झाली." तिसरं: "लोड जास्त भरला असेल." चौथं: "कंपनीकडं पाठवतो, येईल तेव्हा सांगतो." पाचवं भिंतीवर रंगवलेलंच असतं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

भिंतीवर लिहिलं म्हणजे कायदा होत नाही. नाहीतर 'येथे थुंकू नये' या पाटीनं महाराष्ट्र कधीच स्वच्छ झाला असता.

खरा कायदा २०१९ चा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. तो म्हणतो: सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला, पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा. ऑनलाइन मागवलात तरी सुटका नाही: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही.

भिंतीवरची ती ओळ पुसायला रंगाचा एक हात पुरतो. कधी पुसताय?

इथं जीपवाला मला अडवतो. "आपली गाडी धंद्याची. ग्राहक कायदा घरगुती माणसाला. आपल्याला कोण विचारतो?" अनेक जण याच समजुतीवर गप्प बसतात. दुकानदारही ती समजूत मोडत नाही, कारण ती त्याच्या फायद्याची आहे.

समजूत चूक आहे. व्यापारी हेतूसाठी घेतलेला माल या कायद्यातून बाहेर आहे, खरं. पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेला माल कायदा व्यापारी हेतूचा मानत नाही. एक जीप, स्वतः चालवणारा मालक, त्यावर चालणारं घर. कायद्यानं ती ओळ जणू राजूरच्या स्टॅंडवर उभं राहून लिहिली आहे.

दहा जीपा भाड्यानं फिरवणाऱ्या शेठचं वेगळं. तुम्ही शेठ नाही, हे कायद्याला कळतं. तुम्हाला कधी कळणार?

पुढचं ऐका. जिल्हा ग्राहक आयोगाकडं पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीला शुल्क शून्य. वकील बंधनकारक नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. माल पुण्यात घेतला म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची सोय मागता येते. मुदत दोन वर्षं. त्याही आधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

क्रमांक चार आकडी आहे. शॉकअपच्या जोडीची किंमतही बहुधा चार आकडीच. कोणता आकडा आधी फिरवायचा, तुम्ही ठरवा.

मालावर बनवणाऱ्याचं नावच नाही, मग भांडायचं कुणाशी? यालाही कायद्यात उत्तर आहे. सदोष वस्तूमुळं इजा झाली किंवा दुसरं काही नुकसान झालं आणि बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर भरपाईची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. बिननावाचा माल विकताना दुकानदाराला नफा जास्त सुटतो, तशी जोखीमही त्याच्याच गळ्यात पडते.

हे त्याला माहीत आहे का? नसेल तर पुढच्या वेळी तुम्ही सांगा. शांतपणे, बिल मागताना.

आणि दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का? त्याला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. खोटं नाव लावणाऱ्याला आणि तसला माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कोंबडी चोरल्यावर गाव गोळा होतं. नाव चोरलेल्या शॉकअपमुळं जीप दरीकडं सरकली तर कुणाला बोलवायचं?

आता आपल्याकडं बघू. सगळा दोष पलीकडं ढकलून हा विषय संपत नाही.

पहिली गोष्ट, बिल. "बिल पाहिजे का बिनबिलाचं? बिनबिलाचं स्वस्त पडेल." आणि आपण हसून मान हलवतो. शॉकअपवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे कर कमी झाला, तरी बिनबिलाची खोड गेली नाही. जे १८ टक्के वाचवतो, त्यात शंभर टक्के हक्क विकतो.

ज्याच्याकडं बिल नाही, त्यानं शॉकअप विकत घेतलाच नाही. कागदोपत्री त्यानं फक्त पैसे दिले, तेही कुणाला ते सिद्ध होत नाही.

हे मी अनुभवानं सांगतोय. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या जुन्या जिप्सीला मागची जोडी बसवली. सहाव्या आठवड्यात डावा गळायला लागला. बाहेरगावच्या त्या दुकानात गेलो, तर रस्त्याचीच गोष्ट ऐकवली. मी बिल काढलं. बसवल्या दिवशीचा फोटो, तेव्हाचे किलोमीटर, गळतीचा फोटो आणि लेखी तक्रार काउंटरवर ठेवली, पोच मागितली. चौथ्या खेपेला जोडी बदलून मिळाली.

माझ्या शेजारी आणखी एक जीपवाला उभा होता. त्याचाही शॉकअप तोच, गळतीही तीच. त्याच्याकडं बिल नव्हतं. तो तसाच परत गेला.

तो दिवस मी विसरलेलो नाही. हे सदर त्याच्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट, वजन. मागून बसलेली जीप दिसली की लोक म्हणतात, शॉकअप बदला. जीप बसते ती पाटे थकल्यामुळं. थकलेल्या पाट्यांवर नवा शॉकअप लावला तर तो रोज तळाला आपटणार, आणि महिन्यात जाणार. त्यात बंप स्टॉपचा रबरी ठोकळा कधीच तुटून पडलेला. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा आणि टपावर चार. अशा वेळी दुकानदार म्हणाला, "लोड जास्त झाला," तर तो खरं बोलतोय.

आणि एकदा तो खरं बोलला की पुढची दहा खोटी पचवतो.

तिसरी गोष्ट, बसवणं. दांडा फिरतो म्हणून मिस्त्री तो चकचकीत दांडा पकडीत धरतो. पकडीचे दात उमटतात. मग प्रत्येक खड्ड्याला तो ओरखडा सीलवर कानसीसारखा फिरतो. आठ दिवसांत तेल बाहेर. सील कुणी मारलं? कारखान्यानं की पकडीनं?

आणखी एक. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत रबरी बुशचे बोल्ट करकचून आवळले. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचा आवळ चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर द्यायचा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

राजूरचे मिस्त्री अडाणी नाहीत. बंद पडलेली जीप तारेच्या तुकड्यावर घरी आणणारे हात आहेत हे. पण हातात कला असली म्हणून पकड कुठंही लावायची नसते.

चौथी गोष्ट, उंची. थार-जिम्नी दोन-तीन इंच उचलायची हौस आली आहे. मध्ये ठोकळे घालून गाडी उचलायची आणि शॉकअप मात्र जुनाच, तेवढ्याच लांबीचा. मग तो कायम ताणलेला. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे मनमानी बदल चालत नाहीत. आणि वस्तूत फेरफार केला किंवा तिचा गैरवापर केला, तर विक्रेत्याला जबाबदारीतून सुटायची वाट ग्राहक कायद्यातच आहे.

उंची तुम्ही वाढवलीत, पळवाट त्याला मिळाली.

मे अखेरीस काजव्यांचा हंगाम येतो. भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्यात नव्या रंगीत शॉकअपच्या गाड्याही असतात, आणि वाट सोडून झाडीत, माळावर चाक घालायचा मोह त्यांना होतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे. शॉकअपची परीक्षा घ्यायला ती मोकळी जागा नव्हे. वाटेवरचे खड्डे परीक्षेला पुरेसे आहेत.

परीक्षा घ्यायचीच असेल तर दुकानात घ्या. पैसे देण्याआधी.

कशी घ्यायची? बैलासारखी.

जबडा उघडा: खोकं फोडा, रबरी बूट वर करा, सीलभोवती तेल आहे का बघा. दात मोजा: अंगावरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच आहे का, तोच बिलावर उतरवून घ्या. पाठीवर हात फिरवा: दांड्यावरून नख फिरवा, कुठं अडकता कामा नये. खूर तपासा: डोळ्याचं वेल्डिंग सलग आहे का, बुश घट्ट बसलाय का.

मग चालवा. शॉकअप उभा धरा, दांडा वरच्या बाजूला. पूर्ण ओढा, पूर्ण दाबा, चार-पाच वेळा. आडवा पडून राहिल्यानं आत हवा गेलेली असते, म्हणून पहिल्या एक-दोन खेपांना मध्येच पोकळ लागू शकतं. पाचव्या खेपेलाही हात मध्येच फुकट जात असेल, तर शॉकअप काउंटरवर ठेवा आणि हात मागं घ्या. जोडीतले दोन्ही असेच तपासा. दोघांचा जोर सारखा लागला पाहिजे.

'गॅस' लिहिलेला असेल तर दाबून सोडा. दांडा आपोआप बाहेर आला पाहिजे. येत नसेल, तर गॅस फक्त खोक्यावर आहे.

दुकानदार कंटाळेल. म्हणेल, "एवढं कुणी बघत नाही." बरोबर. म्हणूनच एवढं विकलं जातं.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा वाकून बघा. अंगावर धूळ धरलेला नुसता तेलकट पापुद्रा दिसला तर लगेच बोंब मारू नका, सीलपाशी थोडी ओल चालते. ओघळ आला, थेंब पडला, तर फोटो काढा, किलोमीटर लिहा, आणि त्याच आठवड्यात दुकान गाठा. 'बघू दिवाळीनंतर' म्हणालात की ३० दिवस केव्हाच उडून जातात. आणि बदलायचे ते नेहमी जोडीनं. एक नवा आणि एक मेलेला असे दोन शॉकअप एकाच धुऱ्यावर म्हणजे गाडी एका पायानं लंगडी.

लंगडा बैल जुंपता का?

शेवटची गोष्ट जीप स्टॅंडवाल्यांना. तुम्ही नंबर लावायला वही ठेवता. भाडं ठरवायला बैठक घेता. तशीच एक शॉकअपची वही ठेवा. कोणता माल, कोणत्या दुकानाचा, कोणता नंबर, कधी बसवला, किती किलोमीटरला गळला. सहा महिन्यांत त्या वहीत खरं-खोटं वेगळं होईल. एका माणसाची तक्रार ही कुरकुर ठरते. वीस जणांची वही हा पुरावा ठरतो.

आणि त्याच वहीत खरोखर खड्ड्यानं मोडलेले शॉकअपही लिहा. त्या पानाची प्रत बांधकाम खात्याला द्या. दोन चोर एका खड्ड्यात लपले असतील, तर दोघांनाही बाहेर काढायचं. एकाला सोडून दुसऱ्याला नाही.

राजूरच्या दुकानदारांनाही सांगणं आहे. तुमच्यातले बरेच जण गिऱ्हाईकाला नावानं ओळखतात, त्याच्या मुलांची शाळा तुम्हाला माहीत असते. तुम्ही विकलेला शॉकअप उद्या ज्या जीपला लागणार, त्या जीपमधून तुमचीही माणसं फिरतात. वरून आलेला माल खोटा निघाला, तर तुम्हीच तो पहिल्यांदा परत पाठवा. घाऊक व्यापाऱ्याला तुमचा नकार ऐकू येतो. जीपवाल्याचा नाही.

बैलाच्या बाजारात एक अलिखित रीत आहे. खोड असेल तर सांगून विकायची. मारका आहे, बसका आहे, पाण्याला बुजतो, जे असेल ते. लपवून विकलं की पुढच्या बाजारात त्या माणसाच्या दावणीपाशी कुणी थांबत नाही. या रीतीला कायद्याचं कलम नाही, तरी ती चालते. कारण घेणारा बघून घेतो आणि फसलेला माणूस गप्प बसत नाही.

शॉकअपच्या बाजारात आपण या दोन्ही गोष्टी सोडल्या. बघून घेणंही, आणि बोलणंही.

डांगी जनावराच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून ते आमच्या पावसात टिकतं. शॉकअपचं तेल पोटात असतं, म्हणून तो आमच्या रस्त्यावर टिकतो. बैल घेताना आपण कातडीवर हात फिरवून बघतोच.

पुढच्या वेळी खोकं उघडा.